लोंजेझोच्या आईची पाठ

चोलोच्या चहामळ्यात नव्या बाईला कामावर घेण्याआधी मुकादम तिला पाठमोरी उभी करतो. पानांची टोपली पाठीवर असते, उतार निसरडे असतात, आणि वाकडी कंबर दुपारपर्यंतही टिकत नाही असं त्याचं मत आहे. डोरिका नाखुम्वाला त्यानं असं उभं केलं तेव्हा फार वेळ लागला नाही. फळीसारखी पाठ आहे, असं म्हणून त्यानं तिच्याकडे टोपली सरकवली. रांगेत तिच्या गावच्या काही बायका होत्या. त्यांनी आपापल्या टोपल्या पाठीवर घेतल्या.

त्याआधी हीच डोरिका लुचेन्झाहून मुलांजेकडे जाणाऱ्या डांबरी रस्त्यावर लांबूनच ओळखू यायची. डोक्यावर अननसांचं घमेलं, पाठीवर चितेंजेच्या कापडात बांधलेला अकरा वर्षांचा मुलगा, आणि सगळं शरीर उजवीकडे कललेलं. घमेलं मात्र सरळ असायचं. मान एका बाजूला, कंबर दुसऱ्या बाजूला अशी काहीतरी तडजोड करून तिनं ते सरळ ठेवलेलं असायचं.

मुलाचं नाव लोंजेझो. बाळंतपण लांबलं, मूल निळं जन्मलं आणि रडायला उशीर झाला. मान धरायलाच त्याला चार वर्षं लागली, बसणं कधी जमलंच नाही. पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढलेले असत. आमच्याकडे बाया मूल पाठीवर घेतात तेव्हा त्याचे पाय आईच्या कमरेला दोन्ही बाजूंनी विळखा घालतात. लोंजेझोचे पाय फाकतच नसत. त्यामुळे डोरिका दोन्ही पाय डावीकडे घेऊन त्याला बांधायची. वजन डावीकडे लोंबायचं, ती उजवीकडे झुकायची. मूल दहा किलोचं होतं तेव्हा हे खपून गेलं. नंतर ते वाढत गेलं.

त्याला बोलता येत नव्हतं, पण रस्ता कळत होता. आईच्या डाव्या खांद्यावरून तो दिवसभर रस्ता बघायचा आणि मिनिबस यायच्या आधीच, नुसत्या हॉर्नवरून, घशातून एक लांब आवाज काढायचा. त्यामुळे मिनिबसवाली पोरं त्यालाच कंडक्टर म्हणायची. "कंडक्टर, किती सीट भरल्या?" असं खिडकीतून ओरडून विचारायची, आणि तो हसायला लागला की त्याची आई आपोआप हलायची, कारण ते हसू तिच्या पाठीतूनच यायचं. अननस घ्यायला थांबणारी निम्मी गिऱ्हाइकं त्याच्यासाठी थांबायची. नवरा वायसन जोनीला, म्हणजे जोहान्सबर्गला, खाणीत गेला तो परतला नव्हता. डोरिका आपल्या आईच्या अंगणातच राहत होती, आमच्या बहुतेक बायका राहतात तशी.

फेब्रुवारीत ती पडली. उजवा पाय एकदम नाहीसा झाल्यासारखा वाटला, असं तिनं नंतर सांगितलं. अननस डांबरावर घरंगळले. लोंजेझोचं कपाळ फुटलं आणि समोरून येणारी मिनिबस हातभर अंतरावर थांबली. त्या दिवसापर्यंत कमरेचं दुखणं ही तिच्या लेखी तक्रार करण्याजोगी गोष्ट नव्हती. पण पाठीवरच्या मुलासकट पडणं वेगळं होतं. पुढच्या गुरुवारी ती जिल्ह्याच्या हॉस्पिटलात गेली.

तिथं फिजिओथेरपीची खोली पूर्वी बाळंतिणींच्या चादरी ठेवायची कोठी होती. आत एक बाक, दोन चटया आणि जायलोसी माक्विंजा. जायलोसीचा अंगठा मागं वळायचा, आणि बोलणं हातांपेक्षा जास्त चालायचं. डोरिकाला त्यानं भिंतीकडे तोंड करून उभं केलं, दोन्ही बाजूंच्या कमरेच्या हाडांवर बोटं ठेवली आणि विचारलं, "माई, तुमच्या घराचं छप्पर असं एका बाजूला असतं तर काय केलं असतंत?" बाहेरच्या बाकावरून एक म्हातारी म्हणाली, दुसरा नवरा केला असता. खोलीत आणि बाहेर सगळे हसले.

मग त्यानं तिला पोटावर झोपवलं. उजवीकडे, शेवटच्या बरगडीपासून कमरेच्या हाडापर्यंत, स्नायू दोरासारखा ताठ होता. डावीकडचा कुल्ल्याचा स्नायू मऊ, जवळजवळ नसल्यासारखा. त्यानं तिला समजावलं की हाड मोडलेलं नाही, चकती सरकलेली नाही. एक बाजू कित्येक वर्षं एकटीच काम करतेय आणि ओरडतेय, दुसरी झोपून गेलीय. ओरडणारीला गप्प करायचं आणि झोपलेलीला उठवायचं, एवढंच काम आहे.

ते काम त्यानं कसं केलं हे बघण्यासारखं होतं. कोपर त्या ताठ दोरावर टेकवायचं आणि हलवायचं नाही. चोळायचं नाही, रगडायचं नाही. नुसतं वजन टाकून थांबायचं, स्नायू आपणहून सैल होईपर्यंत. मग तिला डाव्या कुशीवर वळवायचं, वरचा पाय बाकाच्या कडेवरून मागं लोंबत सोडायचा आणि एक तळवा बरगड्यांवर, दुसरा कमरेच्या हाडावर ठेवून दोन्ही एकमेकांपासून लांब ढकलायचे, श्वास सोडताना. पहिल्या दिवशी डोरिका बाकावरून उठली आणि तिला क्षणभर वाटलं की आपण डावीकडे पडतोय. आपण सरळ उभ्या आहोत हे तिला सांगावं लागलं.

हे सगळं सांगून झाल्यावर जायलोसी म्हणाला, "आता निदान पुढच्या पावसापर्यंत बेरेका बंद."

आमच्या भाषेत मूल जन्माला घालणं म्हणजे बेरेका, आणि मूल पाठीवर बांधून वागवणं म्हणजेही बेरेका. दोन्हीला एकच शब्द. कुठलं बेरेका ते बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावरून कळतं. डोरिका तेव्हा भिंतीकडे तोंड करून उभी होती.

"दादा," ती म्हणाली, "नवरा जोनीत आहे. तो काय टपालानं बेरेका पाठवणार आहे का?"

बाहेरचा बाक पुन्हा हसला. जायलोसीही हसला. मग त्यानं चटईवर निजवलेल्या लोंजेझोकडे बोट केलं. "ते बेरेका नाही हो, माई. हे."

डोरिका हसायची थांबली. मग घरी कसं जाऊ, असं तिनं विचारलं. आज न्या, तो म्हणाला, पण आजच्यानंतर नको. नाहीतर मी गुरुवारी सरळ करणार आणि तुम्ही शुक्रवारी वाकडी करणार. पुढच्या वेळी मिनिबस थांबली नाही तर?

तो प्रश्न तिच्या मनात राहिला. म्हणूनच तिनं ऐकलं.

घरी तिच्या आईला हे पटलं नाही. आगोगो, म्हणजे लोंजेझोची आजी, गुडघ्यांनी बसलेली आणि डोळ्यांनी अधू होती, पण जीभ शाबूत होती. "हॉस्पिटलनं बेरेका बंद करायला सांगितलं?" ती म्हणाली. "मग जरा उशीरच केला त्यांनी. पोरगं अकरा वर्षांचं झालं." डोरिकानं समजावलं तेव्हा तिनं विचारलं की त्या हॉस्पिटलवाल्याला त्याच्या आईनं काय हातगाडीत घालून वाढवलं होतं का.

बातमी गावात पसरली ती मात्र पहिल्याच अर्थानं. डोरिकाचं बेरेका हॉस्पिटलात बंद केलं, म्हणजे आता तिला मूल होणार नाही. महिनाभरात ती जोनीला पोचली. वायसनचा बऱ्याच काळानंतर फोन आला. तो म्हणाला की त्याच्या कानावर असं असं आलंय, आणि असं असेल तर त्याला त्याचं बघावं लागेल. तो त्याचं कधीच बघून बसला होता, हे इकडे सगळ्यांना माहीत होतं. डोरिका त्याला म्हणाली की त्यानं बरोबर ऐकलंय. फोन ठेवल्यावर आगोगोनं विचारलं, खरं का नाही सांगितलंस? डोरिका म्हणाली, त्याला पळायला वाट हवी होती, मी कशाला दार लावू.

लोंजेझोसाठी हॉस्पिटलाकडून एक चाकांची खुर्ची आली. मोठ्या माणसाच्या मापाची होती, मुलगा तिच्यात एका बाजूला घसरून दुमडायचा, आणि अंगणापासून रस्त्यापर्यंतच्या उतारावर ती ढकलणं दोघींच्या हातचं काम नव्हतं. काही दिवसांत तिच्यात कोंबडी बसायला लागली. लोंजेझोला घरात चटईवर ठेवणं एवढंच उरलं. डोरिका सकाळी घमेलं घेऊन एकटीच रस्त्यावर जायची. मिनिबसवाले विचारायचे, कंडक्टर कुठं? रजेवर आहे, ती सांगायची.

पाठ सुधारत गेली. दर गुरुवारी जायलोसीचं कोपर, आणि घरी रोज व्यायाम. उताणं झोपून, गुडघे मोडून, कंबर वर उचलायची. कुशीवर झोपून डावा पाय सरळ वर न्यायचा. लोंजेझो शेजारच्या चटईवरून बघायचा आणि तिची कंबर वर गेली की हसायचा. ते हसू आखूड झालं होतं, मध्येच तुटायचं. तिला वाटलं, पाठीवर नाही म्हणून आपल्याला कमी ऐकू येतंय.

पूर्वी ती त्याला रस्त्याकडेला मांडीवर उभा धरून भरवायची. आता दुपारी आगोगो भरवायची. तिला त्याला उचलणं जमत नसे, म्हणून त्याचं डोकं आपल्या मांडीवर घेऊन, आडव्यालाच, मक्याची पेज चमच्यानं घालायची. तो खोकायचा. ती थांबायची, मग पुन्हा घालायची. या घरात कुणी हलगर्जीपणा केला असं कुणालाच म्हणता यायचं नाही.

जूनमध्ये चिपेरोनी सुरू झाला. आमच्या डोंगरांवर आठवडा आठवडा बसून राहणारं थंड, भुरभुरतं धुकं. खोकला छातीत उतरला. लोंजेझोच्या तपासणीचा वार वेगळा होता, मुलांची खोली वेगळी होती. तिथं त्याला गोळ्या दिल्या गेल्या. त्याच आठवड्यातल्या गुरुवारी जायलोसीनं डोरिकाला भिंतीकडे तोंड करून उभं केलं, कमरेच्या हाडांवर बोटं ठेवली आणि म्हणाला की छप्पर सरळ झालं. दोघंही खूश होते. लोंजेझोच्या खोकल्याबद्दल ती काही बोलली नाही. तो पाठीचा दवाखाना होता.

जुलैत मुलाला वॉर्डात घ्यावं लागलं. श्वास घेताना बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात होती. प्राणवायूचं यंत्र लावलं होतं, नळी नाकात होती, आणि तो आडवा होता. जायलोसीला दुसऱ्या दिवशी कळलं आणि तो वर आला. त्यानं लोंजेझोला कुशीवर घेतलं आणि दोन्ही तळवे त्याच्या पाठीवर ठेवले. आत साचलेल्या कफाची घरघर त्याच्या हाताला लागली. त्यानं डोरिकाला एकेक विचारायला सुरुवात केली. खातो कसा? कोण भरवतं? दिवसभर कुठं असतो?

"चटईवर."

"दिवसभर आडवा?"

"आडवा."

"आडवा का ठेवलात, माई?"

"तुम्हीच म्हणालात ना, दादा. बेरेका बंद."

आवाजात तक्रार नव्हती. विचारलं म्हणून तिनं सांगितलं.

जायलोसी खाटेच्या कडेवर बसला. मग त्यानं जे सांगितलं ते हळू आवाजात आणि तुटक सांगितलं. असं मूल आडवं राहिलं की पेज पोटाऐवजी छातीत जाते. कफ आत साचतो. त्याला उभं धरावं लागतं, पाठ थोपटावी लागते, हलवावं लागतं, रोज, तासन्‌तास. मुलांच्या खोलीत तो हे काम हातानं करतो. लोंजेझोचं हे काम अकरा वर्षं डोरिकाच्या चालण्यानं होत होतं. तो तिच्या पाठीवर उभा असायचा, आणि ती टाकेल त्या प्रत्येक पावलाला त्याची छाती हलायची. हे तिला माहीत नव्हतं. जायलोसीला माहीत असायला हवं होतं, असं तो स्वतःच म्हणाला. पण त्यानं फक्त एकच पाठ तपासली होती.

डोरिकानं सगळं ऐकून घेतलं. "मग आता बांधू का?"

"बांधा."

गाठ त्यानंच मारली. नळी पुरत नव्हती, म्हणून यंत्र खाटेपासून ओढून मध्ये आणलं आणि डोरिका त्याच्याशेजारी उभी राहिली. दुपारभर ती त्या दोन फरशांवर जागच्या जागी चालत होती. पाळीवरच्या नर्सनं दोनदा सांगितलं की मुलाला खाली ठेवा, वॉर्डात असं चालत नाही. जायलोसी तिच्याशी बोलून आला, मग ती गप्प झाली. संध्याकाळी बराच कफ पडला. मुलगा झोपला. दुसऱ्या दिवशी खालच्या रस्त्यावर मिनिबसचा हॉर्न वाजला तेव्हा त्यानं घशातून आवाज काढला. छोटा होता, पण तोच होता. डोरिकानं शेजारच्या खाटेवरच्या बाईला सांगितलं की हा कंडक्टर आहे, आणि हा शब्द उच्चारताना ती बऱ्याच दिवसांनी हसली.

त्यानंतर ताप परत चढला. औषध बदललं, ते लागू पडलं नाही. तिनं त्याला पाठीवरून उतरवलं ते फक्त कपडे बदलण्यापुरतं. ज्या दुपारी तो गेला तेव्हा तो तिच्या पाठीवरच होता. त्याची मान नेहमी तिच्या डाव्या खांद्यावर पडलेली असायची, तशीच पडली होती, त्यामुळे तिला कळलं नाही. ती चालत राहिली. गावातून पाहायला आलेल्या शेजारणीला त्याचा हात वेगळा दिसला. तिनं आधी नर्सला बोलावलं, मग डोरिकाला थांब म्हणाली.

पुरण्याच्या दिवशी एका गोष्टीवरून बोलाचाली झाली. दफनभूमी गावाच्या वरच्या अंगाला, टेकडीवर, झाडांच्या राईत आहे. डोरिकाचं म्हणणं होतं की तिथवर ती त्याला पाठीवर नेईल. हट्ट नव्हता. तिनं आपल्या मामाला, सिकोतीला, सरळ विचारलं. आमच्याकडे बहिणींच्या सगळ्या लेकरांचा कर्ता मामाच असतो, त्यामुळे शेवटचा शब्द त्याचा. चर्चच्या बायकांना वाटलं तो ओरडेल. तो ओरडला नाही. तिच्याजवळ जमिनीवर बसला.

"आजवर तू नेलंस, पोरी," तो म्हणाला. "गावातला दुसरा मुलगा असता तर त्याला माणसांनी खांद्यावर नेलं असतं. याला तेवढं तरी मिळू दे."

ती उठून बाजूला झाली. पेटी चौघांनी उचलली. ती मागून चालली, दोन्ही हात मोकळे, चितेंजे कमरेला गुंडाळलेलं. चढ मोठा आहे, म्हातारे दोनदा थांबले. ती थांबली नाही.

परत आल्यावर अंगणात सगळ्यांनी हात धुतले. पुरुष एका बाजूला मक्याच्या पिठाची घट्ट न्सिमा आणि घेवडा खायला बसले. जायलोसी त्यांच्यात होता. तो रजा टाकून आला होता आणि कबर खणणाऱ्यांत त्यानं फावडं धरलं होतं. त्याच्याशी कुणी वाकडं बोललं नाही. आगोगोनं त्याच्या ताटात जास्तीचा घेवडा वाढायला लावला, आणि त्याला तो खाता आला नाही.

निघताना तो बायकांच्या बाजूला आला. डोरिका भिंतीला टेकून चटईवर बसली होती. त्यानं वाकून दुःखाचे दोन शब्द म्हटले, सगळे म्हणतात तेच. तिनं मान हलवली. मग दर गुरुवारी तिला बघितल्या बघितल्या जे विचारायचा तेच त्याच्या तोंडून निघून गेलं.

"पाठ कशी आहे, माई?"

शेजारच्या बायकांनी त्याच्याकडे बघितलं. डोरिकानं मात्र प्रश्न नीट ऐकला. बाकावर असताना करायची तसाच तिनं विचार केला, जणू कंबर एकेक बोट चाचपून बघतेय.

"बरी आहे, दादा," ती म्हणाली. "आज सबंध टेकडी चढले. कुठंच दुखलं नाही."

जायलोसीनं दर गुरुवारसारखी मान हलवली.